रोलरवरचं किनवट

नांदेडला आमच्या मिस्त्रीकडं डायनो आहे. म्हणजे जमिनीत बसवलेला जाडजूड रोलर. मोटारसायकल पट्ट्यांनी जागच्या जागी बांधायची, मागचं चाक रोलरवर पळवायचं आणि इंजिनाची ताकद पडद्यावर रेघेसारखी चढताना बघायची. आकडे समोर दिसत असतात, पण मिस्त्री आकडे बोलत नाही, नांदेडहून किनवटला जाताना लागणारी गावं बोलतो. रेघ चढायला लागली की मुदखेड, मधे भोकर, आणि इंजिन सगळी ताकद देतं ते किनवट.

माझी जुनी स्पोर्ट्स बाईक त्यानं पहिल्यांदा पळवली, तेव्हा रेघ मधेच खचली. "सर, गाडी भोकरला दम खाऊन राहिली," तो म्हणाला. "पेट्रोल कमी पडून राहिलंय." मग त्यानं कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलला आणि गाडी पुन्हा पळवली. तरी अडलीच. पुन्हा जेट बदलला. शेवटी रेघ न अडखळता वर गेली, तसा तो हळूच म्हणाला, "आलं किनवट." त्याच्या चेहऱ्यावर किनवटच्या सागाच्या जंगलाची सावली पडल्यासारखं मला वाटलं.

"किनवट तुमचं गाव का?" मी विचारलं.

"न्हाई. भोकरच्या पुढं मी गेलोच न्हाई कधी."

"मग रविवारी जाऊ की हिच्यावर."

त्यानं स्वतःच जोर वाढवलेल्या त्या गाडीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पट्टा सोडत म्हणाला, "हिच्यावर नको, सर. लई जुनी हाय. एसटीनं जाऊ."