दोनशे ग्रॅमचा डबा

अक्कांनी डबा काउंटरवर ठेवला, झाकण उघडलं आणि माझ्याकडे सरकवला. आतली पावडर दगड झाली होती. चमचा मधोमध रुतून उभा होता.

"चव चांगली शे," त्या म्हणाल्या. "पन इतला मोठा डबा कवय सरी? घरमा मी एकलीच शे. मी एकली किती पिसू?" एवढा डबा संपायचा कधी, असं त्या विचारत होत्या.

धुळ्याजवळच्या एका गावातलं ते किराणा दुकान. मी पुण्याच्या एका कंपनीचा खानदेशचा सेल्स ऑफिसर, राहायला जळगावात. आमची पावडर प्रोटीनची, वयस्कर माणसांसाठी, दुधात घालून प्यायची. आधी ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळायची. त्या वर्षी कंपनीने ती किराणा दुकानांत उतरवली. साइझ एकच, अर्धा किलो. डब्यावर 'फॅमिली पॅक' असं लिहिलेलं.

अक्कांचे यजमान सुरतला मुलाकडे होते. तिथे त्यांच्यावर उपचार चालू होते. म्हशीमुळे अक्कांना गाव सोडता येत नव्हतं. आठ दिवसांत येतो म्हणून गेलेला माणूस तीन महिने तिकडेच होता. डबा दोघांसाठी घेतलेला.

मी म्हणालो, "अक्का, डबा बदलून देतो."

"राहू दे. त्या उनात ते लगेच सरी." यजमान आले की लगेच संपेल, असं अक्कांचं गणित. त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि दगड झालेली पावडर परत पिशवीत घातली.

त्या गेल्यावर दुकानदार नाना म्हणाले, "साहेब, पहिल्यांदा लोक नेतात. दुसऱ्यांदा कोणी येत नाही."

याला आमच्याकडे रिपीट म्हणतात. तोच माणूस तीच वस्तू पुन्हा न्यायला आला, तर माल चालला. दुकानात डबे भरून ठेवणं सोपं असतं. रिपीट आणता येत नाही, तो यावा लागतो.

मी पुण्याला फोन केला. शहा मॅडम आमच्या झोनल मॅनेजर. मी त्यांना अक्कांच्या डब्याचं सांगितलं.

"साइझ बदलायचा म्हणजे नवा एसकेयू," त्या म्हणाल्या. एसकेयू म्हणजे एकाच मालाचा प्रत्येक वेगळा पॅक. नव्या साच्याचा डबा, नवं लेबल, गोडाऊनमध्ये नवी जागा. "तीन महिने बघू. रिपीट नसेल तर खानदेश नाशिकला जोडून टाकू."

"आणि मी?"

"साताऱ्याची जागा रिकामी होतेय. तुमच्या मिसेस तिकडेच आहेत ना? तुमचं तर भलंच होईल."

माझी बायको वैशाली सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला पाच वर्षं झाली होती. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दरवर्षी करायचा, यादीत नाव दरवर्षी नसायचं. महिन्यातून एकदा भेट. तिच्या खोलीत माझा टॉवेल होता, माझ्या खोलीत तिची शाल.

सातारा ते तिची शाळा दीड तास. त्या आठवड्यात मी तो रस्ता मोबाइलवर इतक्या वेळा पाहिला की मधले थांबे पाठ झाले. संध्याकाळी ती एसटीतून उतरते आहे, खांद्यावर पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा, आणि मी स्टँडवर उभा आहे. एवढंच दिसायचं. त्यासाठी मला काहीही करायचं नव्हतं. फक्त तीन महिने गप्प बसायचं होतं.

पण काम चालूच होतं. मी असोद्याला गेलो, चोपड्याला गेलो. दुकानदारांना एकच विचारायचो: डबा कोण नेतं? उत्तर जवळपास सगळीकडे सारखं. म्हातारा किंवा म्हातारी. मुलं पुण्याला, सुरतेला, नाशिकला. घरात एक माणूस, फार तर दोन. एकट्या माणसाला अर्धा किलो दोन महिने पुरतं आणि डबा उघडल्यावर पावडर महिन्याभरात ओल धरते. कागदावर फॅमिली होती. घरात नव्हती.

मी तेवढंच मॅडमना कळवलं. त्यांनी उत्तर म्हणून सॅशे पाठवले, एका वेळेच्या पुड्या. चोपड्याच्या एका आजोबांनी माझ्यासमोर पुडी दातांनी फाडली, निम्मी पावडर सदऱ्यावर सांडली. बाकीच्यांना ते फुकटचे नमुने वाटले. सॅशे पडून राहिले.

आता खरा रिपोर्ट लिहायचा होता. लहान डबा, दोनशे ग्रॅमचा. पंचवीस दिवसांत संपणारा, पावडरीचा गोळा व्हायच्या आत. मी मजकूर तयार केला आणि चार दिवस पाठवला नाही. रविवारी वैशालीला फोनवर सगळं सांगितलं. साताऱ्याच्या जागेचंही.

ती म्हणाली, "हे किती दिवसांपासून माहिती होतं तुम्हाला?"

"दोन महिने."

"आणि मला आत्ता सांगताय."

"तुला सांगितलं असतं तर तू वाट बघायला लागली असतीस."

"ती मी अशीही बघतेच." मग तिने विचारलं, "लहान डबा चालेल असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"चालेल."

"मग पाठवा. तुम्ही गप्प राहून इकडे आलात, तर ते मला रोज तुमच्या तोंडावर दिसेल."

"आणि आपलं काय?"

"आपलं चाललंय तसं चालेल," ती म्हणाली. आवाज नीट होता. फोन मात्र तिने लगेच ठेवला.

मी रिपोर्ट पाठवला. मॅडमनी कारखान्याकडून लहान डब्यांची एक बॅच काढून घेतली. मुदतही वाढवून दिली. दोनशे ग्रॅमचे डबे आम्ही धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या निवडक दुकानांत ठेवले. 'फॅमिली पॅक' हे शब्द मी लेबलवरून काढायला लावले. पहिल्या महिन्यात विशेष काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात नानांचा फोन आला, "साहेब, माणसं परत येऊ राहिली." चोपड्याहूनही तेच कळलं.

खानदेश वेगळाच राहिला. साताऱ्याच्या जागेवर कोल्हापूरचा एक जण गेला. चांगला मुलगा आहे, मीटिंगला भेटतो. बदलीची यादी त्यानंतर एकदा लागली, त्यात वैशालीचं नाव नव्हतं. मी अजून जळगावलाच आहे.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवतात की पॅकचा साइझ गिऱ्हाईकाचा खिसा बघून ठरवावा. मी नव्या पोरांना सांगतो, आधी घरात माणसं किती उरली आहेत ते विचारा. आणि रिपोर्ट तयार झाला की त्याच दिवशी पाठवा. चार दिवस जवळ ठेवला तर त्यात आपल्या मनासारखे बदल सुचू लागतात.