सगळ्या वर्गाने कान झाकले होते

सुरुवातीलाच सांगतो, मी विज्ञानाचा शिक्षक. भूतबाधा, लागीर, बाहेरचं... हे सगळं थोतांड असतं, असं वर्गात फळ्यावर लिहून शिकवलेला माणूस. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलो असतो.

गोष्ट पंचाण्णव सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा साताऱ्यात प्राथमिक शाळेवर होतो. चौथीच्या इतिहासात शिवकाल असायचा, इंग्रजांबद्दल पोरांना काही ठाऊक नसायचं. म्हणून मी आणि आमच्या शाळेतल्या वसुधाताई, आम्ही दोघांनी एक प्रयोग बसवला होता. स्टेज नाही, पडदा नाही. वर्ग म्हणजेच गाव आणि मुलं म्हणजे गावकरी. मी खाकी कोट आणि हॅट घालून गोरा साहेब व्हायचो. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या शाळा आम्हाला बोलवायच्या.

आदल्या वर्षीच सुरतेच्या प्लेगच्या बातम्या सगळ्यांनी ऐकल्या होत्या, म्हणून विषय घेतला इंग्रजी अमलातल्या प्लेगचा. साहेब घरं तपासायला येतो, आजारी माणूस सापडला की गावाबाहेरच्या छावणीत नेतो, घराला कडी घालतो. वसुधाताई आजारी बाई होऊन कपाटामागे सतरंजीवर झोपायच्या. त्यांना लपवायचं की साहेबाच्या हवाली करायचं, हे मुलांनी ठरवायचं. बहुतेक ठिकाणी पोरं बिनधास्त खोटं बोलायची, "सायेब, आमच्यात समदी ठणठणीत हायत!" आणि हशा पिकायचा.

ती शाळा उंब्रजपासून आत, तीन-साडेतीन किलोमीटरवर. गावाचं नाव देत नाही. दोन खोल्या, वर पत्रा, समोर उसाचं रान. दुपारचे बारा-साडेबारा झाले असतील. लख्ख ऊन होतं.

मी दार ढकलून आत शिरलो, छडी आपटली. "इस घर में कौन बीमार हाय?" असं माझं ठरलेलं विचित्र हिंदी. कुणी हसलं नाही. अठ्ठावीस मुलं गप्प. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. संगीता तिचं नाव, आठ-नऊ वर्षांची असेल.

"बाई आजारी हाय," ती म्हणाली. "पर तिला न्हेऊ नगा सायेब. पोरगं अंगावर पितंय."

आमच्या नाटकात मूल नव्हतंच. मला वाटलं, काय सुचलंय पोरीला! मी आणखी चढलो. "कौनसा बच्चा? किधर हाय?"

सगळ्या वर्गाने एकदम कपाटाकडे पाहिलं.

मी कपाटामागे गेलो. वसुधाताई झोपलेल्या नव्हत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला. चेहरा घामाने डबडबलेला.

"सर, थांबवा," त्या पुटपुटल्या.

मला तो अभिनय वाटला. पण खरं ते असं की, मी त्यांचा उजवा दंड धरला आणि त्यांना ओढत बाहेर नेलं. डावा हात त्यांनी मागे लांब केला होता, काहीतरी पकडायला गेल्यासारखा. बाहेर येऊन मी दाराला कडी घातली. नाटकात तसंच होतं.

वसुधाताई दारावर थपडा मारायला लागल्या. "उघडा! माझ्या मांडीवरून पडलं ते! रडतंय, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मला काही ऐकू येत नव्हतं. मी कडी काढली. आत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलांनी दोन्ही हातांनी कान गच्च झाकले होते. काही जण रडत होते. आणि खोलीत आवाज म्हणून नव्हता. तापलेला पत्रा तडतडत होता, तेवढाच.

मी हॅट काढली. "संपलं रे बाळांनो, नाटक संपलं."

"आवं गुर्जी, तुमचं संपलं," संगीता ओरडून बोलत होती, गोंगाटात बोलावं तशी. "त्याचं कुटं संपलंय? त्याला आई पायजे!"

वसुधाताई मला बाजूला सारून आत गेल्या. कपाटामागे वाकल्या. उठल्या तेव्हा डावा हात पुन्हा तसाच वाकलेला होता. सतरंजीवर बसून त्या पुढेमागे झुलू लागल्या. मग एकेका मुलाने कानावरचे हात खाली घेतले. एकदम नाही... आधी पुढच्यांनी, मग मागच्यांनी.

मुख्याध्यापक धावत आले. त्यांनाही काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. शाळेची जागा पूर्वी गायरान होती, एवढंच ते सांगू शकले. पारावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पलेग समदीकडंच हुता. कुटं कोन मेलं, कुणी लिवून ठेवलंय व्हय?"

वसुधाताई तासभर उठल्या नाहीत. उठलं की जागं होतंय, म्हणाल्या. शेवटी मीच म्हणालो, "ताई, निघायला हवं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग याला इथे टाकून जाऊ? तुम्ही एकदा टाकायला लावलंत तेवढं पुरे."

आणि त्या तशाच हात धरून वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपमध्ये बसल्या. संगीता मागोमाग आली. तिने ताईंचा पदर ओढून त्या हातावर घातला. "वारं लागंल," म्हणाली.

साताऱ्याला उतरलो तेव्हा ताईंचा हात सरळ होईना. साताऱ्यातले डॉक्टर झाले, मिरजेला नेलं, एक्स-रे काढले. हाड नीट, शिरा नीट. मालिश झाली, शेक झाला, घरच्यांनी गुपचूप अंगारेही केले. हात कोपरातून वाकलेला तो वाकलेलाच. दोन वर्षांनी त्यांच्या मिस्टरांची सांगलीला बदली झाली. मी ते नाटक पुन्हा केलं नाही, कोणतंच केलं नाही.

मागच्या वर्षी एका लग्नासाठी सांगलीला गेलो होतो. धीर करून त्यांच्या घरी गेलो. ताई आता थकल्यात. डाव्या हातावर पदर होता. एका हाताने त्यांनी चहा केला, मी कप बाहेर आणले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग मी माफी मागितली. इतक्या वर्षांनी, नीट शब्दांत.

"तुम्हाला दिसत नव्हतं सर," त्या म्हणाल्या. "मलाही दिसत नाही. फक्त वजन असतं."

"अजून?"

त्यांनी पदर थोडा सारखा केला.

"हो. आमची दोन्ही मुलं शिकली, लग्नं झाली, नातवंडं शाळेत जायला लागली. हा मात्र तेवढाच आहे. वाढतच नाही हो."

मी विज्ञान शिकवलं, तीस वर्षं. निघताना मी दार हळूच लोटून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून.