आधी खोली, मग लग्न

शाळेत कुणी लग्नाची पत्रिका आणली की आम्ही तारीख बघायचो, हॉल कुठला ते बघायचो. इतिहासाचे सर एकच विचारायचे, "राहणार कुठे?" मुलगा आईवडिलांजवळच राहणार असं उत्तर आलं की ते पत्रिका पुन्हा पाकिटात घालत आणि म्हणत, "म्हणजे अजून वेळ आहे." पत्रिका देणाऱ्याचा चेहरा उतरे. सरांच्या ते ध्यानातही येत नसे. त्यांच्या डोक्यात युरोप असे.

मुलं त्यांना 'युरोप'च म्हणायची. स्वतः सर भिवंडी सोडून कुठे राहिले असतील तर ते बी.एड.पुरते ठाण्यात. मी ऐंशी सालानंतर लगेचच शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि वर्षभरात वेळापत्रकाचं काम माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे कुणाचा धडा कुठे अडकलाय हे मला ठाऊक असे. सरांचा औद्योगिक क्रांतीचा धडा कधीच वेळेत संपला नाही. यंत्रांचे शोध ते मुलांना पुस्तकातून वाचायला सांगत आणि स्वतः विचारत, "त्या काळी माणूस जेवत काय होता?" यंत्रांच्या कितीतरी आधी प्लेगच्या महामारीत युरोपातली गावं ओस पडली, मजूर मिळेनात, म्हणून उरलेल्यांची मजुरी वाढली आणि त्यांच्या ताटात मटण आलं. पुढे माणसं पुन्हा वाढली, मजुरी घसरली, मटण गेलं, पाव काळा झाला. "आता सांगा, माणसं जगली हे वाईट झालं का?" सरांना उत्तर नको असे.

मग त्यांचा आवडता भाग येई. इंग्लंडकडे तरुण पोरंपोरी परक्यांच्या घरी नोकरीला राहत, पैसे साठवत, आणि स्वतःची चूल मांडण्याइतकं जमलं की मगच लग्न करत. पंचविशी सहज उलटे. म्हणून मुलं कमी होत आणि खाणं जरा बरं असे. नंतर घरबसल्या सूत कातायची, कापड विणायची मजुरी मिळायला लागली. थांबायचं कारण उरलं नाही. लग्नं लवकर झाली, माणसं भराभर वाढली आणि गिरण्यांच्या गावात तळघरांतून कोंबली गेली. "गिरणीतला पैसा कामगाराच्या ताटापर्यंत यायला दोन पिढ्या गेल्या," सर म्हणायचे, "आणि त्या दोन पिढ्यांतली माणसं तर मेलीच ना?" एकदा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्याची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्याकडं पन असंच हाय. दिवसपाळीवाले उठले का त्याच चटईवर रातपाळीवाले." सरांनी तिला पुढे बोलावलं आणि उरलेला तास तिलाच बोलायला लावलं. असा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

पण हा माणूस जे शिकवत होता ते स्वतः पाळतही होता. शिवणकामाच्या सुमनताई आणि सर यांचं लग्न ठरल्यातच जमा आहे हे सगळ्या शाळेला माहीत होतं. अडलं होतं खोलीवर. सर आई, भाऊ, वहिनी आणि पुतण्यासह चाळीतल्या एका खोलीत राहत. भिंतीपलीकडे लूम चालत, जेवताना पाण्याच्या तांब्यावर झाकण ठेवावं लागे, नाहीतर वर कापसाचा तवंग येई. सुमनताईंची काही तक्रार नव्हती. माझ्यादेखत त्या म्हणाल्या होत्या, "मी राहीन की तुमच्या आईंजवळ. पाच आहेत, सहावी मी."

"आणि सातवं?" सर म्हणाले. "ते कुठे झोपवायचं? अडचणीत संसार मांडून आणखी अडचण जन्माला घालायची, हे माझ्याकडून होणार नाही."

खोल्या ते बघत नव्हते असं नाही. रविवारी तेच काम. पण त्या वर्षांत भिवंडीत जी जागा रिकामी व्हायची तिथे माणसाआधी लूम घुसायचा. एका घरमालकाशी बोलणं पक्कं झालं होतं. सर किल्ली आणायला गेले तर आत जमिनीत लूमचे बोल्ट ठोकत होते. मालक म्हणाला, "मास्टरजी, बुरा मत मानना. लूम ना पानी माँगता है, ना बच्चे पैदा करता है." सरांनी हे स्टाफरूममध्ये हसत सांगितलं. सुमनताई हसल्या नाहीत.

गावाबाहेर शेलारला खोली मिळत होती, ती सरांनी नाकारली, कारण नळ बाहेर, चार घरांत मिळून एक होता. वडपे गावातली नाकारली, कारण ओलीने भिंती फुगल्या होत्या. दर खेपेला कारण खरं असे. सुमनताईंची तिशी अशीच उलटली. एका दुपारी त्या वर्गातल्या मुलींनी शिवलेल्या झबल्यांच्या घड्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या त्या युरोपात एवढं थांबून शेवटी लग्नं होत तरी होती ना?"

सरांनी खरंच विचार केला. वर्गात करायचे तसा. म्हणाले, "सगळ्यांची नाही. कितीतरी जणी तशाच राहिल्या."

सुमनताईंनी हातातली घडी पूर्ण केली. त्या उन्हाळ्यात त्यांनी वज्रेश्वरीच्या एका विधुर दुकानदाराशी लग्न केलं. घरात सासू, दीर, पहिलीची दोन मुलं. सरांना पत्रिका आली, पण ते गेले नाहीत.

आणि मग खोली मिळाली. नव्वदनंतर काही वर्षांनी, नव्या इमारतीत, स्वयंपाकघर वेगळं, नळ आत. सरांची आई तोवर गेली होती. सरांनी तिथे एक पावसाळा काढला. मग पुतण्याचं लग्न ठरलं, तेव्हा किल्ली त्याच्या हातात दिली आणि आपण परत चाळीत भावाकडे राहायला गेले. शाळेत सगळे म्हणाले, केवढं मन. मला संताप आला. जे एका बाईला द्यायला वेळेत जमलं नाही ते दुसऱ्याला देण्यात कसलं आलंय मन? मी तसं त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे." यावर पुढे भांडताही येत नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वज्रेश्वरीला गेले तेव्हा सुमनताई दुकानात भेटल्या. केस पिकलेले, हात तसाच चपळ. सरांनी खोली पुतण्याला दिल्याचं मी सांगितलं. त्या नारळ निवडत म्हणाल्या, "अगं, आम्ही आठ जण आहोत दोन खोल्यांत. त्यांना सांगू नकोस, वर्गात उदाहरण म्हणून देतील." थोरल्याचं लग्न केलं म्हणाल्या, सून घरात आली.

मी वज्रेश्वरीला जाऊन आल्याचं सरांच्या कानावर गेलं होतं. सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. थोरल्याचं लग्न केलं त्यांनी."

"इतक्या लवकर?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

घंटा झाली. वेळापत्रक मीच केलेलं, तो तास त्यांना रिकामा होता. तरी ते खडू घेऊन उठले आणि जिन्याकडे निघाले.