ग्रहणातली वांगी

तुम्ही दोघं फोनवर विचारता, "आजी, तुला या वयात आकाशाचं वेड कुठून लागलं?" मी आजवर काहीतरी गोड उत्तर देत आले. आज खरं लिहिते. मला एका माणसावर सूड उगवायचा होता, आणि त्यासाठी ग्रहण नीट समजून घेणं भाग होतं.

तो माणूस म्हणजे माझे भासरे, तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही अड्याळला त्यांच्याबरोबर एका घरात राहत होतो. ते शाळेत विज्ञान शिकवत, आणि उत्तम शिकवत. संध्याकाळी छपरीवर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, मुलं जमली की ते माझ्या स्वयंपाकघरातून लिंबू मागवत. कंदील म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. चेंडूची सावली लिंबावर पडली की मुलं ओरडत, "गिरान लागलं!" मी दाराआडून बघत असे.

दाराआडून, कारण आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली. त्यांना काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगितल्यासारखं सांगत, "तिले म्हणा, चहा ठेव." मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पण त्या घरात मी कायम 'तिले' होते.

तुमच्या बाबांच्या वेळी मला सातवा महिना होता आणि संध्याकाळी चंद्रग्रहण होतं. सासूबाईंनी सांगितलं होतं, आडवी पड, हलू नको, काही चिरू नको. मला ते खरं वाटत नव्हतं. शिवाय तुमचे आजोबा कामावरून उपाशी येणार होते. मी पावशी, म्हणजे विळी, घेऊन बसले आणि वांगी चिरली. सासूबाईंनी पाहिलं.

दोन महिन्यांनी तुमचे बाबा जन्मले. वरचा ओठ दुभंगलेला होता. पुढे नागपूरला शस्त्रक्रिया झाली आणि आता मिशीत काही दिसत नाही, पण तेव्हा बघायला आलेली प्रत्येक बाई आधी बाळाकडे बघायची आणि मग माझ्या हातांकडे. बारशाला घर भरलेलं असताना सासूबाई म्हणाल्या, "विचारा तिले, गिरानात काय केलं तं." सगळ्यांनी भासऱ्यांकडे पाहिलं. शिकलेला माणूस, ग्रहण शिकवणारा माणूस. ते म्हणाले, "चिरलं तिनं, तं चिरलं गेलं."

एवढंच. मी दाराआड उभी होते. उत्तर द्यायची रीत नव्हती.

त्यानंतर गावात कुणाचीही ओटी भरायला मला बोलावणं आलं नाही. तुमचे बाबा शाळेत जाऊ लागल्यावर एक दिवस त्यांनी विचारलं, "आई, तू मले चिरलं का?" मुलं त्यांना तसं चिडवायची. तेव्हा मी ठरवलं, हा माणूस हे शब्द परत घेईल. जिथे बोलला तिथेच, चार लोकांत.

वर्षं गेली. आम्ही भंडाऱ्याला राहायला आलो. मागच्या वर्षी तुम्ही टॅबलेट पाठवलात आणि त्यातल्या एआयशी बोलायला शिकवलंत. मी शिस्तीची बाई आहे. रोज सकाळी चहा झाला की एक प्रश्न, आणि तो समजल्याशिवाय दुसरा नाही. पहिला प्रश्न होता, दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही? उत्तर आलं, चंद्राची वाट जराशी कललेली आहे, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. मी टॉर्च, नारळ आणि लिंबू घेऊन ते करून पाहिलं. लिंबू थोडं वर धरलं की सावली चुकते. मग चंद्र लाल का होतो ते विचारलं. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वळून आलेला तेवढाच उजेड त्याच्यावर पडतो, मावळतीचा लाल उजेड. मला ते फार आवडलं, हे कबूल करते. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं.

एका सकाळी मी विचारलं, पोटातल्या बाळाचा ओठ कधी जुळतो? उत्तर आलं, साधारण दुसरा महिना संपेपर्यंत.

मी टॅबलेट खाली ठेवला. ग्रहण सातव्या महिन्यात होतं. म्हणजे मी वांगी चिरायच्या कितीतरी आधी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पण एआयच्या शब्दावर मी लढाईला जाणार नव्हते. ते हुशार आहे, पण वर्गातल्या त्या मुलीसारखं आहे जी अभ्यास झालेला नसला तरी हात वर करते. यंदाच्या फाल्गुन पौर्णिमेच्या ग्रहणाबद्दल विचारलं, तर ठामपणे म्हणालं की ते दुपारी लागतं, तेव्हा चंद्र क्षितिजाखाली असतो, म्हणून तुमच्याकडे दिसणार नाही. मी विचारलं, सुटतं कधी, आणि भंडाऱ्यात चंद्र उगवतो कधी? मग माफी मागून म्हणालं, बरोबर आहे, चंद्र ग्रहण लागलेलाच उगवेल. पंचांगातही तसंच होतं. तुम्हीही असंच विचारत जा, उलटून. ओठाचं मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "अगदी खरं आहे. पण आजी, आता कशाला?" मी म्हटलं, "काम आहे."

काम अड्याळला होतं. होळीसाठी सगळं घर तिथे जमणार होतं, आणि भासऱ्यांची नातसून गरोदर होती. मी गेले तेव्हा पोरीला दुपारपासून आतल्या खोलीत निजवून ठेवलं होतं. मला पाहून ती हळूच म्हणाली, "आजी, पाठ आखडून गेली जी. मले पहायचं होतं. बाळाले काही होईन का?"

"नाही होणार," मी म्हटलं. "पण हे माझ्या तोंडून ऐकून तुझी सासू तुला सोडणार नाही. थांब जरा."

सूर्य मावळला आणि शेतांच्या पलीकडे चंद्र वर आला, मळकट, एका बाजूने खाल्लेला. अंगणात घरचे होते, शेजारचे होते. भासरे छपरीवर खुर्चीत. आता पुष्कळ थकलेत, पण कान शाबूत आहेत. मी रीतीप्रमाणे सुरुवात केली. त्यांच्या मुलाला म्हटलं, "विचार त्यांना, चंद्राला हे काय झालंय?"

"तिले सांग," ते म्हणाले, "पृथ्वीची सावली होय."

मी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "भाऊजी, सावलीनं ओठ चिरतो का?"

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मी माझ्या मुलाबद्दल बोलतेय हे ते समजले, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो," मी म्हटलं. "ग्रहण सातव्यात होतं. तुम्ही विज्ञान शिकवत होतात. माझ्या पावशीनं काय चिरलं ते सांगा."

"आता कायले काढून राहिली जुनं?" तेही पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "माय होती तवा. मायसमोर काय बोलाव?"

"माय गेल्यावर का नाही बोललात?"

त्यांचा मुलगा मध्ये पडला. "जाऊ द्या ना काकू, सणाचा दिवस आहे."

"बारशाचाही सणाचाच दिवस होता," मी म्हटलं. "चारचौघांत म्हणालात, चारचौघांत परत घ्या."

ते माझ्या जावेकडे बघत राहिले. ती काही त्यांच्या मदतीला येईना. उलट तीच म्हणाली, "अन् मले दर गिरानात उपाशी निजवलं तुम्ही! तुमाले मालूम होतं?"

कोणीतरी हसलं. भासरे खाली बघून म्हणाले, "पोराच्या ओठाले वांग्यानं काही झालं नाही."

"मागच्यांना ऐकू आलं नाही, भाऊजी."

मला दया आली नाही. त्यांनी मान वर केली आणि वर्गात बोलत तशा आवाजात पुन्हा म्हटलं, "तिनं काही नाही केलं. मी खोटं बोललो." मग उठून आत गेले. जेवायला आले नाहीत. माझी जाऊ आतल्या खोलीचं दार उघडून म्हणाली, "ये वं बाई बाहेर, पाहून घे," आणि पोरगी पाठ चोळत अंगणात आली. थोडी कड अजून काळी होती.

भंडाऱ्याला परतल्यावर तुमच्या बाबांना फोन केला. मला वाटलं होतं, ते म्हणतील, आई, म्हाताऱ्या माणसाला कशाला छळलंस? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोण कोण होतं तिथे?"

मी एकेकाचं नाव सांगितलं. शेजारचे, घरचे, मागे चुलीजवळ बसलेल्या बायकासुद्धा.

"आता पहिल्यापासून सांग," तुमचे बाबा म्हणाले.