मैदानाला दहापैकी किती

माझा थोरला भाऊ कुस्ती मैदानांना गुण देतो. दहापैकी. बेळगावपासून निपाणीपर्यंत ज्या ज्या गावच्या जत्रेत कुस्त्या असतात तिथं तो मोटरसायकलवरून जातो, आणि परत येताना कुठंतरी चहाला थांबून तालमीतल्या जुन्या मित्रांना मोबाइलवर आवाज भरून पाठवतो. ‘माती मऊ होती, पण ताक कमी पडलंय. हलगी झकास. निवेदक लई बोलतोय. सहा.’ मित्र त्याची वाट बघत असतात. त्याला आम्ही अण्णा म्हणतो.

तो स्वतः पैलवान होता. सरावात मानेवर पडला आणि ऑपरेशन झालं. डॉक्टर इंग्रजीत बोलत होते, आणि घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच, म्हणून ते माझ्याकडे बघूनच सगळं सांगत राहिले. मानेत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवलेत. पुन्हा मातीत उतरला आणि मान दुखावली, तर मानेखालचं काही हलणार नाही. मी आईला मराठीत सांगितलं. आईनं विचारलं, “हात बी?” मी म्हटलं, “हात बी.” अण्णा शेजारच्या खाटेवर छताकडे बघत पडला होता.

कुस्ती सुटली, पण मैदानं सुटेनात. आईनं मग अट घातली, “जायचं तर हिला घेऊन जा. बहीण बघत बसलीय म्हटल्यावर तुझा पाय उतरायचा न्हाई.” मला कुणी विचारलं नाही. मी शहरातल्या एका ऑफिसात काम करते, तिथंही चारजणांत बोलायची वेळ आली की मी दुसऱ्याला पुढं करते. अण्णाला मात्र मजा वाटली. “चला मॅडम,” तो म्हणाला, “तुमची ट्युशन घेतो.”

त्याला मान वळवता येत नाही. मागं बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागतं, आणि आरशावर त्याचा विश्वास नाही. त्यामुळं हायवेवर दर थोड्या वेळानं तो विचारायचा, “मागं काय हाय गं?” मी वळून बघायची आणि सांगायची. ट्रक. एसटी. काही नाही.

मैदानाचं मला सगळं त्यानंच शिकवलं. मातीत ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर का घालतात. आणि जोड कशी ठरते. ज्याला कुस्ती हवी तो पोरगा हात वर करून आखाड्याच्या कडेनं फिरतो. त्याच्या अंगापेराचा दुसरा कुणी गर्दीतून उतरतो. दोघं मातीत हात मिळवतात, पंच दोघांकडे एकदा बघतो, हलगी कडाडते. झालं. कागद नाही, सही नाही. हात मिळवल्यावर माघार घेतली तर ते गाव वर्षानुवर्षं बोलत राहतं.

तिसऱ्या की चौथ्या मैदानानंतरची गोष्ट. सोमवारी सकाळी मी परसात गेले तर दोरीवर लाल लंगोट वाळत होता, अजून ओला. आदल्या दिवशी आम्ही नुसतं बघायला गेलो होतो. म्हणजे तो पँटीच्या आत लंगोट कसून बघायला बसला होता. त्या दिवशी, आणि बहुतेक त्याआधीही.

मी आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं मैदानं बंद केली असती, आणि तो एकटा गेला असता. तेव्हापासून मीही मनात गुण द्यायला लागले. बायकांची बसायची जागा मातीपासून किती लांब आहे. मध्ये दोरी आहे का. उतारावर माणसं किती दाटीनं बसलीत आणि मला खाली पोचायला वाट आहे का. हे गुण मी कुणाला सांगत नव्हते. अण्णानं आठ दिलेल्या एका मैदानाला मी दोन दिले होते.

निपाणीच्या अलीकडच्या एका गावात गेलो तेव्हा तंबाखूची काढणी चालू होती. रस्ताभर उग्र वास. ओढ्याकाठच्या खोलगट जागेत आखाडा, चारी बाजूंच्या उतारावर माणसंच माणसं. बायकांसाठी ट्रॅक्टरची ट्रॉली एका कडेला लावली होती. मातीपासून बरीच लांब. मी मनात तीन गुण दिले आणि चढून बसले.

“तुझा कोण खेळालाय?” शेजारच्या मावशींनी विचारलं.

“कोणी नाही. भाऊ बघायला आलाय.”

“बघायला आलाय तर एवढी का घामेजलीस? आमचा ल्योक उतरलाय, मी बघ कशी शेंगा खाते.” ट्रॉलीतल्या बायका हसल्या. मावशींनी माझ्याही हातात शेंगा दिल्या. त्यांनी स्वतः एकही सोललेली नव्हती.

मग निवेदकानं कुणाकडून तरी ऐकून पुकारलं, की बेळगाव भागातले एक मल्ल आपल्यात बसलेत, त्यांनी सत्कारासाठी यावं. अण्णा उठला. चपला काढल्या, माती कपाळाला लावली आणि आत गेला. त्याला फेटा बांधला, नारळ दिला. एवढ्यावर तो परत येईल असं मला वाटलं. पण त्याच वेळी एक तरणा पैलवान हात वर करून जोड शोधत आखाड्याला फेरी घालत होता. तो अण्णाच्या बाजूनं आला. मान वळत नसल्यानं अण्णाला तो दिसलाच नाही, म्हणून तो पोरगा समोर येऊन उभा राहिला. बहुतेक ओळखीचा होता, किंवा अण्णाची कुस्ती कधी बघितलेला. त्यानं वर केलेला हात खाली घेतला आणि आदरानं पुढं केला. अण्णानं नारळ काखेत धरून तो हातात घेतला.

समोरच्या उतारावरच्या माणसांना दिसलं ते एवढंच: हात वर करून फिरणारा पोरगा आणि त्याचा हात धरलेला मल्ल. शिट्ट्या उठल्या. निवेदक ओरडला, “जोड ठरली.” हलगी सुरू झाली. तो तरणा आधी गोंधळला, मग हसला आणि मांडीवर थाप मारली.

अण्णानं नाही म्हणायला हवं होतं. मी वाट बघितली. त्यानं नारळ पंचाकडे दिला. फेटा काढला, तोही दिला. मग त्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणावर गेला.

मी ट्रॉलीतून कशी उतरले ते आठवत नाही. माणसांच्या गुडघ्यांवरून, पायांवरून गेले, कुणीतरी शिवी दिली. आखाड्याच्या कडेला पोचून मी अण्णाला हाक मारली, पण हलगीत ती माझी मलाच ऐकू आली नाही. पुढं पाऊल टाकायचं तर माती. त्या मातीत बायकांनी पाय ठेवायचा नाही हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तेवढ्या भीतीतही मला ती भीती वाटली, आणि माझा पाय थांबला. शर्टाचं दुसरं बटण सुटलं.

हलगीवाला माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी तळहात त्याच्या हलगीवर दाबून धरला. काडी माझ्या बोटांवर बसली आणि आवाज तुटला.

“काय करालीस गं पोरी?” तो म्हणाला.

सगळं मैदान आमच्याकडे बघत होतं. मी त्या हलगीकडेच बघत बोलले. “त्याच्या मानेत पट्टी आहे. स्क्रू आहेत. खेळला तर उठणार नाही.”

“बाईनं जोड मोडली,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग फेटा कशाला बांधून घेतला म्हणावं.”

म्हातारा पंच अण्णाजवळ गेला. त्यानं अण्णाची कॉलर बाजूला करून बघितलं आणि तशीच परत सारखी केली. “चढ बाबा वर,” एवढंच म्हणाला. तो तरणा पोरगा वाकून अण्णाच्या पाया पडला. अण्णानं बटणं लावली. एक, मग दुसरं. माझ्याकडे न बघता तो माझ्यासमोरून वर गेला.

परतीच्या वाटेवर तो चहाला थांबला नाही. मागं काय आहे तेही विचारलं नाही. अंधारून येत होतं, माझी बोटं सुजली होती, आणि मागून दिवे जवळ येत होते. मी वळून बघितलं आणि न विचारताच सांगितलं, “ट्रक.” त्यानं गाडी डावीकडे घेतली. गाव येईपर्यंत मी सांगत राहिले.

त्या आठवड्यात त्यानं मित्रांना काही पाठवलं नाही. माझ्याशीही कामापुरतं बोलला. पुढच्या रविवारी सकाळी मोटरसायकल धुवायचा आवाज आला. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मी परसात गेले. दोरी मोकळी होती. लंगोट नव्हता, म्हणजे अंगावर असणार. मी तिथंच उभी राहिले, आईला आता सांगावंच लागणार म्हणून शब्द जुळवत.

“इथं काय करालीस?” अण्णा मागं येऊन उभा होता. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. “हे तुझ्या बॅगेत टाक.”

आत लंगोट होता, घडी घातलेला, कोरडा.

“मग घरीच ठेव की.”

“घरी ठेवला तर निम्म्या वाटंतनं न्यायला परत येईन.”

“आणि तिथं मागितलास तर?”

तो दोरीकडे बघत होता. “मागितला तर द्यायचा न्हाई,” तो म्हणाला. “मी काय बी बोललो तरी.”

त्या दिवशीचं मैदान येळ्ळूरच्या बाजूला, जवळच होतं. पोचल्यावर माती बघायच्या आधी त्यानं बायकांची जागा बघितली. “लई लांब हाय,” तो म्हणाला. “ह्या मैदानाला चार.” मग त्यानं कुणाला तरी सांगून आखाड्याजवळच्या बाकाचं टोक माझ्यासाठी मोकळं करून घेतलं आणि स्वतः समोरच्या बाजूला जाऊन बसला.

तिसऱ्या प्रहरी एक पोरगा हात वर करून फिरायला लागला. अण्णाच्याच अंगापेराचा. त्याच्यासमोरून गेला, पुढं गेला, परत आला. अण्णानं सगळं अंग फिरवून मला शोधलं. बॅग माझ्या मांडीवर होती. चेन लावलेलीच होती. मी ती पुन्हा ओढून बघितली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.