सुमतीबाईंनी सरासरी घातली नाही

गिरगावात पाठारे प्रभूंची पंगत बसली की ताटात माशाचा तुकडा पडायच्या आधी सुमती तळपदेचा विषय निघायचा. चांगलं चालून आलेलं स्थळ हिनं मोडलं होतं! मुलाकडचे म्हणाले, "आमच्यात माणशी कमाई उत्तम." हिनं भर बैठकीत विचारलं, "माणशी नको, एकेकाची सांगा." निघालं काय, तर कमावते एकटे सॉलिसिटर काका, नवरदेव ओट्यावर बसून पान जमवणारे.

सुमती लालबागला गिरणी कामगारांच्या पोरांना शिकवायची आणि एम.एड.चा प्रबंध लिहायची. तो मंजूर झाला की मुख्याध्यापिकेची खुर्ची तिचीच, असं शाळेनं कबूल केलेलं. तिचा प्रश्न साधा होता. रात्रपाळीचा बाप दिवसा झोपतो, खोली एकच. मग पोराच्या अभ्यासाचं काय होतं?

मार्गदर्शक प्राध्यापक जयवंत म्हणाले, "गिरगावच्या मुलांची सरासरी काढा, लालबागची काढा, फरक दाखवा. झालं!"

"त्यानं गिरगाव-लालबागमधला फरक कळेल, सर. पाळीचा कसा कळणार? गिरगावच्या पोराला शिकवणी आहे, वेगळी खोली आहे, वकील बाप आहे."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"पाळी महिन्यानं बदलते. पोर तेच, बाप तोच, खोली तीच. एक चाचणी दिवसपाळीच्या महिन्यात, एक रात्रपाळीच्या. पोराची तुलना त्याच्याशीच."

"दुसरी चाचणी अवघड निघाली तर?"

"अर्ध्या पोरांचे बाप आधी रात्रपाळीला आहेत, अर्ध्यांचे आधी दिवसपाळीला. अवघड गेली तर दोन्हीकडे सारखीच जाईल."

सरांनी चष्मा पुसला. त्यांची ती सवयच. हरले की काच मळायची.

बहुतेक पोरं रात्रपाळीच्या महिन्यात घसरलेली निघाली. सरांनी वाचून वाहवा केली आणि म्हणाले, "आता शेवटी ते दोन सरासऱ्यांचं प्रकरण जोडून टाका. परीक्षकांना तेच आवडतं."

"लोक म्हणतील, गिरणीची पोरं मुळातच मठ्ठ."

"म्हणू देत. त्याशिवाय माझी सही नाही."

खाली रस्त्यावर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या. सर खिडकी लावत म्हणाले, "तुम्हालाही हे वारं लागलेलं दिसतंय."

"लागलंय, सर. सही तुमच्यापाशीच राहू द्या."

घरी थोरला भाऊ कमलाकांत कपाळाला हात लावून बसला. "अगं बेबी, दोन पानांनी काय बिघडलं असतं? खुर्ची गेली ना!"

"दादा, माझ्या वर्गाची बदनामी करून मिळालेल्या खुर्चीत तू बसशील?"

"मी बसलो असतो," कमलाकांत खरं तेच बोलला.

खुर्चीवर दादरहून राजारामपंत आले. सुमतीनं शिपायाकडून रिकाम्या वर्गाची किल्ली मागून घेतली आणि शाळा सुटल्यावर रात्रपाळीवाल्यांच्या पोरांना तिथं बसवलं. घरी दबकून पुटपुटणारी पोरं; इथं त्यांनी बाकं हादरवली. राजारामपंत कानात बोटं घालून दारात उभे राहिले.

"सुमतीबाई, हे कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही," ती म्हणाली, आणि पोरांकडे वळली. "थांबलात का रे? म्हणा, तेवीस एके तेवीस!"