दादाने बनवलेले स्पीकर

रविवार. बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

आज हॉलच्या मागच्या भिंतीत सराउंड स्पीकर बसवले. पुढचे दोन माझ्या थोरल्या भावाने, दादाने, घरी बनवलेले. नव्यांशी ते जुळेनात. गाणं मागून वेगळंच वाजायचं. फिटर म्हणाला, "पुढचेही ह्याच कंपनीचे लावा." मी लगेच आणले आणि दादाचे माळ्यावर टाकले.

संध्याकाळी दादा आला. बघून हसला.

"काढलास व्हय? बरं केलंस की. जुनं झालतं."

पण चहा न घेताच गेला.

त्याचे स्पीकर काढण्याआधी त्याला एकदा विचारायला हवं होतं. आता आवाज अगदी जुळतोय, तरी ऐकवत नाही. तुमच्याकडून असं कधी झालंय?

उद्याचं काम: पुढचे नवे स्पीकर दुकानात परत करणं.